तिसऱ्या आठवड्यातच गुडघा का बोलायला लागतो

एक जानेवारीला पळायला सुरुवात करायची आणि पंचवीस जानेवारीला गुडघ्याला बाम चोळत बसायचं, हे मी आयुष्यात तीनदा केलंय. तिसऱ्या वेळी निदान कारण तरी बरं होतं. वय ४७, नोकरी दिवसभर खुर्चीतली, आणि ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधे एचबीएवनसी ६.१ आलं. हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांचा साखरेचा हिशोब असतो, कारण रक्तातल्या लाल पेशी जवळपास १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत त्यांना किती साखर चिकटली हे त्यात मोजतात. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि वर गेलं तर डायबेटिस, आणि मधलं सगळं म्हणजे उंबरठ्यावर. मी उंबरठ्यावर. मग काय, नवीन बूट आणले, सोसायटीतल्या पळणाऱ्या ग्रुपमधे नाव घातलं आणि सुटले.

पहिले दोन आठवडे मस्त गेले हो. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाताना जी धाप लागली होती ती बाराव्या-तेराव्या दिवशी गायब. मला वाटलं जमलं, आता वाढवू, म्हणून दोनाचे चार किलोमीटर केले. आणि विसाव्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ आली की कठडा धरून उभी राहिले.

फिजिओकडे गेले तर तो पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा, सगळं ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं हार्ट तयार झालं, पण गुडघ्याला कुणी सांगितलंच नाही." तेव्हा मला हसू आलं, पण घरी येऊन वाचायला लागले तर कळलं की हा सगळा विषयच या एका वाक्यात बसतो. आपण व्यायाम सुरू करतो तेव्हा शरीर एकसारखं, एकदम तयार होत नाही. प्रत्येक भागाचा वेग वेगळा. आणि आपण "मला जमतंय का" हे ज्याच्यावरून ठरवतो तो दम, तो सगळ्यात आधी सुधारणाऱ्यांपैकी असतो. म्हणून फसगत होते.

आता जरा क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी बदलतं ते रक्त. व्यायाम सुरू केल्यावर काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. रक्त जास्त म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं, मग तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात, मग धाप कमी. बाराव्या दिवशी मला जे "जमलं" वाटलं होतं ना, त्यातला बराच भाग हा होता.

मग मज्जासंस्था. हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. स्नायूमधे हजारो तंतू असतात आणि आळसावलेल्या माणसाचा मेंदू त्यातले सगळे कामाला लावतच नाही, आणि जे लावतो त्यांचाही ताळमेळ नसतो, लग्नात पंगत वाढायला नवशिकी पोरं उभी केल्यासारखं, एकजण भाताच्या मागे धावतोय आणि वरणवाला भलतीकडेच. चार-सहा आठवड्यांत हा ताळमेळ बसतो आणि ताकद वाढते, पण स्नायू मात्र जवळपास तेवढेच असतात. १९९० साली बॉस्टनमधे म्हाताऱ्या माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, वृद्धाश्रमात राहणारे नव्वदीच्या आसपासचे दहा जण घेतले, आठ आठवडे पायाचा वजन लावून व्यायाम करून घेतला. त्यांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे आधीच्या जवळजवळ पावणेतीनपट, आणि मांडीचा स्नायू वाढला किती, तर ९ टक्के. बाकी सगळी ताकद आली ती मुख्यतः मेंदू आणि नसांनी काम नीट करायला शिकल्यामुळे. नव्वदीतल्या माणसांची ही गोष्ट आहे, त्यामुळे "आता या वयात काय" हे वाक्य मी तरी बोलायचं सोडलंय.

साधारण याच काळात पेशींच्या आत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शाळेत "पेशीचं ऊर्जाकेंद्र" म्हणून पाठ केलेलं आठवत असेल. त्याला शेगडी समजा. शेगड्या वाढल्या की साखर आणि चरबी जास्त जळते आणि माणूस लवकर दमत नाही. त्यानंतर, दोन-तीन महिन्यांनी, स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बदलतो.

आणि या सगळ्यांच्या मागून, रमतगमत, येतात टेंडन. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पुस्तकात कंडरा म्हणतात. मटण साफ करताना ती पांढरी चिवट दोरी लागते ना, सुरी पण घसरते तिच्यावर, तीच. मांस लाल आणि ती पांढरी, यातच बरंचसं उत्तर आलं, तिला रक्तपुरवठा कमी. रक्त कमी म्हणजे दुरुस्तीचं सामान हळूहळू येणार, म्हणजे तिला मजबूत व्हायला महिने लागतात. हाडाचं तर अजून वेगळं आहे, हाड मजबूत होण्याआधी जुना भाग खरवडून काढला जातो आणि मग नवीन भरला जातो, आपल्या गल्लीत पाइपलाइनचं काम निघतं तसं, आधी खोदून ठेवतात आणि मग कधीतरी बुजवतात, आणि मधल्या काळात त्याच रस्त्यावरून ट्रक नेला तर काय होणार. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीचपट दणका जमिनीकडून येतो, चालताना जेमतेम वजनाएवढाच किंवा थोडा जास्त. माझं वजन ७१. म्हणजे दोन आठवड्यांच्या तयारीवर मी गुडघ्याखालच्या त्या पांढऱ्या दोरीला प्रत्येक पावलाला दीडशे किलोपेक्षा जास्तच झेलायला सांगत होते, आणि चार किलोमीटरमधे पावलं होतात काही हजार.

मग तिसऱ्या आठवड्यात गुडघा नाहीतर नडगी नाहीतर टाच दुखते, आपण म्हणतो मला व्यायाम झेपत नाही, आणि बूट माळ्यावर. खरं तर दम पुढे निघून गेलेला असतो आणि दोऱ्या मागे राहिलेल्या असतात एवढंच.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला पाहिजे, कारण सगळंच दुखणं वाईट नसतं. सिंहगड चढून आलात की दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, आणि मजा म्हणजे धाप लागते चढताना पण मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक लावत असतो, म्हणजे ताणला जात असताना जोर करत असतो, आणि असा जोर केला की तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती भरून निघताना दुखतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि मग आपोआप कमी. "लॅक्टिक अॅसिड साठलंय" असं जे जिममधे सांगतात ते खरं नाही, ते तासा-दोन तासात निघून गेलेलं असतं. आणि पंधरा दिवसांनी परत गडावर गेलात तर पहिल्यापेक्षा कमी दुखणार, कारण स्नायू एका फटक्यातच बरंच शिकतो. तर असं दोन्ही पायांत, मांसल भागात, दाबलं की दुखणारं, दोन-तीन दिवसांत जाणारं दुखणं हे चालायचंच. पण एकाच बाजूला, सांध्यापाशी, बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं, किंवा दर वेळी व्यायाम केला की वाढत जाणारं असेल तर थांबायचं. मी विसाव्या दिवशी थांबले नव्हते, अजून तीन दिवस क्रेप बँडेज बांधून पळले. अक्कल.

बरं, एवढा उपद्व्याप करायचा कशासाठी? बहुतेकांचं उत्तर वजन. आणि माझं प्रामाणिक मत असं आहे की वजनासाठी व्यायाम सुरू करणं हे तो सोडून देण्याचं सगळ्यात खात्रीशीर कारण आहे. ७० किलोचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात त्याच्या दुप्पट तरी असतात. आणि चालून आल्यावर भूक पण छान लागते! वजनकाटा महिनाभर हलत नाही आणि माणूस हिरमुसतो, आणि तोपर्यंत आत रक्तात, नसांत, पेशींत काय काय बदललेलं असतं ते काटा दाखवतच नाही. वजन मुख्यतः ताटात ठरतं, व्यायामाची मदत होते आणि कमी केलेलं टिकवायला तर चांगलीच होते, पण तो विषय वेगळा.

व्यायामाचं खरं काम साखरेच्या बाबतीत बघा. जेवल्यावर रक्तात साखर येते आणि तिला साठवायला शरीरातलं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. पेशीच्या दारावर इन्शुलिन येऊन टकटक करतं मग आतून दार उघडतं आणि साखर आत जाते. उंबरठ्यावरच्या माणसात काय होतं की टकटक ऐकूच येत नाही नीट, इन्शुलिन बिचारं जास्त जास्त येतं, स्वादुपिंड दमतं, आणि साखर बाहेर व्हरांड्यात तुंबून राहते. आता गंमत अशी की स्नायू आकुंचन पावला, म्हणजे तुम्ही नुसते चाललात किंवा खुर्चीतून उठलात-बसलात, तर ती दारं इन्शुलिनशिवाय पण उघडतात. मागचं दार म्हणा. शिवाय व्यायाम संपल्यावर पुढे एक-दोन दिवस पुढच्या दाराची टकटक पण जास्त चांगली ऐकू येते. एक-दोन दिवसच. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पाडू नका असं डायबेटिसवाल्यांना सांगतात, आणि म्हणून रविवारी एकदम तीन तास ट्रेक आणि बाकी आठवडा खुर्ची हे साखरेच्या हिशोबाने तितकंसं फळत नाही.

आणि हे आपल्याला जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरलाय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, म्हणजे कुठल्याही तक्त्यात एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीवाला असा जो आपला भारतीय बांधा आहे त्याचं याहून सोपं चित्र मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे "तो किती सडपातळ आहे, त्याला कशी काय शुगर निघाली" हे दर लग्नकार्यात ऐकायला मिळतं, त्याचं उत्तर इथे आहे. स्नायू कमी म्हणजे गोदाम छोटं. त्यामुळे नुसतं चालून भागत नाही, गोदामही वाढवावं लागतं, म्हणजे जोर-बैठकांसारखं काहीतरी, ज्यात स्नायूला खरंच जड जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोबही असाच आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हे "शिवाय" आपण सगळे गाळतो, विशेषतः बायका. मध्यम म्हणजे किती ते कळायला घड्याळ लागत नाही, चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. मैत्रिणीबरोबर बागेत गप्पा मारत मारत चार फेऱ्या होतात तेव्हा मी मनात एक ओळ गुणगुणून बघते, आरामात म्हणता आली तर आम्ही चालत नाहीये, फिरतोय. काहीच न करण्यापेक्षा तेही बरंच, पण दोन्हीत फरक आहे.

आणि २०२० पासून त्यांनी अजून एक सोपं केलंय. आधी सलग दहा मिनिटं तरी झाली तरच धरायचं असं होतं, ती अट काढून टाकली. तीन मिनिटं जिना चढलात तरी जमेत.

दहा हजार पावलांचं पण सांगून टाकते कारण माझ्या नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ रात्री साडेदहाला थरथरतं आणि हा माणूस हॉलमधे येरझाऱ्या घालतो. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमधे चालण्याची हवा होती आणि १९६५ ला तिथे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरातीचं नाव ते. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. सगळ्यात मोठा फायदा होतो तो काहीच न करणारा थोडंसं करायला लागतो तेव्हा. तुम्ही दिवसाला अडीच हजार चालत असाल तर दहा हजारांकडे बघून घाबरू नका, साडेतीन हजार करा.

आता मी चौथ्या वेळी काय केलं ते. सुरुवात शतपावलीपासून. आजी म्हणायची रात्री जेवल्यावर शतपावली करावी, आणि जेवणानंतर साखर चढत असते तेव्हाच मागचं दार उघडायचं हे अगदी शास्त्राला धरून आहे, फक्त शंभर पावलं म्हणजे झपाझप चाललं तर जेमतेम एक मिनिट. म्हणून मी दहा शतपावल्या धरल्या, दहा मिनिटं, दुपारी डबा खाऊन झाल्यावर ऑफिसच्या पार्किंगमधे आणि रात्री सोसायटीत. दोन आठवडे एवढंच. लाज वाटावी इतकं कमी, आणि ते मुद्दाम. दम म्हणत होता पळूया, पण आता माझ्या डोक्यात ती पांढरी दोरी होती.

त्याबरोबर एक दिवसाआड खुर्चीच्या बैठका. खुर्चीच्या कडेला बसायचं, हात छातीशी, उठायचं, आणि खाली बसताना हळू, तीन मोजत. धप्पकन बसायचं नाही, कारण सिंहगड उतरतानाचा तो ब्रेक आठवा, खाली येतानाच्या जोरातच कमाई आहे. पहिल्या दिवशी आठ झाल्या. आणि भिंतीवर जोर, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून. मग तेच पुढे ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर. जमिनीवरचे जोर मला आज आठ महिन्यांनी पण दोनच येतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

वाढवायचं कसं, तर एका वेळी एकच गोष्ट. या आठवड्यात मिनिटं वाढवली तर वेग तोच ठेवायचा, चढ घेतला तर मिनिटं तीच. दोन्ही एकदम वाढवलं की दुखणं कशामुळे आलं तेही कळत नाही. पाचव्या आठवड्यापासून मी पर्वती धरली, १०३ पायऱ्या, रुंद आणि दगडी, आधी एकदाच वर आणि सावकाश खाली. पळणं मी तीन महिने काढलंच नाही, आणि काढलं तेव्हा एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं असं. पळायलाच पाहिजे असंही काही नाही म्हणा.

सूर्यनमस्कारांबद्दल विचारणार तुम्ही, मला माहितीये. चांगलेच आहेत, ताणही होतो आणि जोरही होतो, आणि खोलीत चटईएवढ्या जागेत होतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घराघरात, शाळाशाळांत नेले, स्वतः रोज घालायचे. पण वर्षभर काही न करता रथसप्तमीला एकदम १०८ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दात घासायला हात उचलत नाही, हे जे आपल्याकडे चालतं त्याला माझा सक्त विरोध आहे. मनगट आणि खांद्याला पण दोऱ्या असतात. तीनने सुरुवात करा, आठवड्याला एक-दोन वाढवा, पुढच्या रथसप्तमीला घाला की १०८.

सवय किती दिवसांत लागते? २१ दिवस म्हणतात ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे ९६ जणांवर याचा अभ्यास केला होता, कुणी जेवताना फळ खायचं ठरवलं, कुणी जेवणाआधी पळायचं, तर ते आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस आला, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाला सोप्या सवयींपेक्षा जास्त दिवस लागले. आणि त्यातलीच दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे काल खाडा झाला म्हणून आता पुढच्या सोमवारपासून, हे जे आपण करतो ना, त्याची गरज नाही, आज करा. माझी युक्ती एवढीच की नवीन वेळ शोधली नाही, रोज होणाऱ्या गोष्टीच्या शेपटीला बांधलं. डबा धुतला की पार्किंग. सकाळचा चहा उकळतोय तोवर ओट्यावर जोर. पहाटे पाचचा गजर हा माझ्या स्वभावात नाही आणि आता मी तो लावतही नाही.

घरकामाचा मुद्दा राहिला. "दिवसभर घरात राबते, मला कशाला वेगळा व्यायाम" हे आमच्या सासूबाई म्हणायच्या आणि त्यात तथ्य आहे, हालचाल ही हालचालच, ती जमेत धरतातच. पण पोळ्या लाटताना धाप लागत नाही आणि मांडीला काही जड जात नाही. त्या ७४ च्या आहेत. त्यांना मी व्यायाम हा शब्दच वापरला नाही, नुसतं म्हटलं आई, मी खुर्चीवर उठते-बसते तेव्हा मोजायला या. चौथ्या दिवशी त्या शेजारच्या खुर्चीवर.

थोडं गंभीर बोलते आता. हृदयाचा आजार आहे, बीपी आटोक्यात नाही, किंवा चालताना छातीत दडपण येतं, डावा हात-जबडा भरून येतो, चक्कर येते, तर हे सगळं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका, आणि व्यायाम करताना असं झालं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, "गॅस असेल" म्हणून घरी येऊन सोडा प्यायचा नाही. इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर फारच खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, म्हणून डोस आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवायचं. आणि जुना डायबेटिस असलेल्यांनी गवतावर अनवाणी चालायचा सल्ला कुणी कितीही प्रेमाने दिला तरी ऐकू नका, पावलाची संवेदना कमी झालेली असते, काच लागलेली कळत नाही.

शेवटचं, सुटल्यावर काय. सुटणारच आहे, गणपती आहेत, दिवाळी आहे, मुलांच्या परीक्षा, पावसाळ्यातला ताप. १९६६ मधे अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं आणि त्यांची दमाची ताकद मोजली. तीस वर्षांनी तेच पाच जण परत बोलावले, वय पन्नास, पोटं सुटलेली, आणि परत मोजलं. तर तीस वर्षांच्या म्हातारपणाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. भीती वाटते ना ऐकून? पण पुढचा भाग आहे. त्या पन्नाशीतल्या पाच जणांना हळूहळू वाढवत सहा महिने चालणं, पळणं, सायकल असं करायला लावलं आणि तीस वर्षांत गेलेली ताकद भरून आली. दम जातो लवकर आणि येतोही लवकर.

म्हणून खाड्यानंतर परत सुरू करताना तोच जुना धोका असतो, दम चार दिवसांत परत येतो आणि आपण जिथे सोडलं तिथून धरायला जातो. यंदा गणपतीत माझे बारा दिवस गेले, वर मोदक. अनंत चतुर्दशी झाल्यावर दोन दिवसांनी पर्वतीला गेले तर निम्म्यात थांबून खाली आले, मुद्दाम, धाप लागलेली नसताना. नवरा म्हणाला एवढ्यात काय. त्याला म्हटलं, मला जमतंय, पण गुडघ्याला अजून विचारलेलं नाही. एचबीएवनसी चार महिन्यांनी केलं होतं तेव्हा ५.८ होतं, परत दिवाळीनंतर करायचंय, लगेच नाही, चकल्या रक्तातून उतरायला वेळ द्यावा लागतो.